निफाडच्या सपाट रानात नऊ महिने ट्यूबलेस: काटे सोसले, चैत्राचं ऊन नाही सोसलं

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सायकलच्या मागच्या चाकातून एकाच वेळी सात ठिकाणांहून हवा सुटायला लागली. टायर उघडला तर आत सीलंटचा, म्हणजे भोकं आपोआप बुजवणाऱ्या द्रवाचा, थेंब नाही. रबराची वाळकी साय टायरच्या पोटाला चिकटलेली आणि बोराएवढा एक गोळा. हे लिहिण्याचं कारण तेवढंच.

सायकल नेहमीची हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली, २९ इंची चाकं, पुढे १०० मिमी दबणारा फोर्क. त्यात शिरत नाही. सप्टेंबरात २.२५ इंच रुंदीचे टायर ट्यूबलेस करून घेतले: आत ट्यूब नाही, हवा थेट टायरात, भोकं बुजवायला सीलंट. तेव्हापासून चालणं सगळं निफाड तालुक्यात: नांदूर मध्यमेश्वर, खाणगाव थडी, चापडगाव, मांजरगाव या पट्ट्यातल्या पाणंदी, गाडीवाटा आणि पाटाचे रस्ते. आठवड्याला ऐंशी ते शंभर किलोमीटर.

अंजनेरी-त्र्यंबककडे सायकल चालवणाऱ्यांना वाटतं, सपाटीवर टायरला काय त्रास? डोंगरात टायर दगडाने फाटतो. इथे दगड नाही, काटा आहे, आणि तो बारा महिने आहे. फक्त जात बदलते. गावठी बाभळीचा काटा पांढरा, लांब, जोडीने येतो. शेताच्या कुंपणाला टाकलेल्या फांद्या ट्रॅक्टरने ओढल्या गेल्या की पाणंदभर पसरतो. वेडी बाभूळ पाटाच्या कडेला माजते. तिचा काटा आखूड पण जाड, वाळला की खिळ्यासारखा. ती तोडून रस्त्यावर टाकलेली असेल त्या आठवड्यात तो रस्ता सरळ सोडावा.

पण टायरची खरी परीक्षा घेतो तो सराटा. पाऊस संपला की बांधाकडेला जमिनीलगत पसरतो, पिवळं बारीक फूल, आणि ऑक्टोबरपासून फळ वाळून फुटायला लागतं. एका फळाचे पाच तुकडे होतात. प्रत्येकाला दोन मोठे काटे, दोन लहान. कसाही पडला तरी एक काटा वर राहतो. सराट्याच्या वेलावरून चाक एकदा गेलं की वीस-पंचवीस भोकं ठरलेली. ट्यूबमध्ये हे सहन होण्यासारखं नाही, पॅच लावायला जागा उरत नाही.

आता दुकानाच्या चाळीस मिली सीलंटचं प्रकरण. शहरातल्या ज्या दुकानात काम करून घेतलं, तिथे प्रत्येक चाकात ४० मिली सीलंट घातलं. सपाट रस्त्याला तेवढं पुरतं, असं म्हणणं. ते चूक आहे. या मापाच्या टायरला सुरुवातीला १०० ते १२० मिली लागतं. त्यातलं बरंचसं टायरच्या आतल्या अंगाला पातळ थर म्हणून बसतं, कोरा टायर तर बाजूच्या भिंतीतून पितोच. तळाशी जे मोकळं फिरत राहतं तेच भोक बुजवतं, आणि प्रत्येक भोक थोडं थोडं खातं. ४० मिलीत तळाशी काही उरतच नाही. ऑक्टोबरात सराट्याने टायर बसला तेव्हा दुकानाने दोष टायरवर ढकलला आणि नवा टायर घ्या म्हणून सांगितलं. मी घेतला नाही. लिटरची बाटली आणली, व्हॉल्व्हची कोअर (आतला सुटा होणारा तुकडा) काढून सिरिंजने प्रत्येकी ७० मिली घातलं, चाक बादलीवर दोन्ही कुशींवर वीस-वीस मिनिटं आडवं ठेवलं. तोच टायर आजही चालू आहे.

तोवर माझं मत होतं की निफाडसाठी ट्यूबलेस म्हणजे पैसे पाण्यात, जाड ट्यूब आणि आत काट्याची पट्टी हेच बरं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत ते पार बदललं. द्राक्षबागांचा तालुका, थंडीत पारा एक आकडी होतो, मुरूम घट्ट बसलेला, आणि रस्त्यात पंप काढायची वेळ एकदाही आली नाही. काटा दिसला की उपसायचा, भोक खाली येईल असं चाक फिरवायचं, दहा सेकंद थांबायचं. पांढरा थेंब बाहेर येतो, कडेने फेस धरतो आणि जिरतो. थंडीत एवढंच लक्षात ठेवायचं की दुपारी २६ पीएसआय दाबाने भरलेलं चाक पहाटे २३-२४ दाखवतं. ती गळती नव्हे. सत्तर-बहात्तर किलो वजनाला मागे २६, पुढे २३ हे इथल्या खडबडीत मुरमाला जमतं. ३० च्या वर गेलं की ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांवर हात बधिर होतात.

मग एप्रिल. मी दर दोन महिन्यांनी ६० मिलीची भर घालत होतो. थंडीत ते बरोबर होतं, पण मार्चनंतर तेच अंतर ठेवलं ही चूक झाली. सीलंट म्हणजे पाण्यातलं रबराचं दूध. कोरड्या उन्हाळ्यात त्यातलं पाणी टायरमधून उडतं, आणि सायकल पत्र्याच्या शेडमध्ये उभी असेल तर आणखी लवकर. आता होळीनंतर दर चार-पाच आठवड्यांनी ५० मिली घालतो आणि सायकल भिंतीच्या सावलीत ठेवतो. आत काय आहे ते बघायला टायर उघडावा लागत नाही. चाक काढून कानाशी हलवलं की डचमळ ऐकू येते. नाही आली तर व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून हवा सोडायची, कोअर काढायची, मग व्हॉल्व्ह तळाशी आणून केबल टाय आत घालून बघायचा. ओला निघाला तर ठीक. हवा भसकन सोडू नये, रिमवरून टायरची कड सुटली तर ती परत बसवायला साधा पंप पुरत नाही, साबणाचं पाणी आणि काँप्रेसर लागतो. गावात काँप्रेसर पंक्चरवाल्याकडे असतो, पण त्याचं नोझल मोटरसायकलच्या व्हॉल्व्हचं. पितळी अडॅप्टर बरोबर नसेल तर काँप्रेसर समोर असूनही उपयोग नाही.

सगळ्यात जास्त राग मात्र एका नटाचा आहे. ट्यूबलेस व्हॉल्व्हला रिमवर बसणारा बारीक गोल नट असतो. तो फक्त बोटांनी आवळायचा. दुकानाने पक्कड लावून आवळला. घरी काही फरक पडत नाही, फरक पडतो तो टायरची बाजू चिरली की. इकडे द्राक्षाच्या मंडपाच्या तारेचे तुकडे बांधावर पडलेले असतात. त्याने बाजूला गेलेली चीर सीलंटने बुजत नाही, चिरेत कोंबायची सुतळीसारखी प्लग पट्टी धरली तर धरली, नाहीतर ट्यूब घालण्याशिवाय इलाज नाही. ट्यूब घालायला व्हॉल्व्ह काढायचा, आणि व्हॉल्व्ह त्या नटाने जखडलेला. बोटांनी तो सुटत नाही, सीलंट वाळून आटे चिकटलेले असतात. ज्यांनी दुकानातून बसवून घेतलंय त्यांनी आजच बघावं. सुटत नसेल तर घरी पकडीला फडकं गुंडाळून सोडवा, आटे पुसा, रबरी वायसर नीट बसवून परत हाताने लावा.

आणि ट्यूब घालण्याआधी आणखी एक काम, जे विसरलं तर नवी ट्यूब शंभर मीटरही जात नाही. ट्यूबलेस टायरमध्ये महिनोन्‌महिने तुटलेले काटे तसेच राहतात. बाहेरून दिसत नाहीत, आत दोन-तीन मिमी टोक निघालेलं असतं, आणि सीलंटमुळे ते निमूट बसून असतं. ट्यूबला ते एकेक सुई. बोट फिरवू नये, रक्त निघतं. सुती फडकं आतून फिरवायचं, जिथे धागा अडकेल तिथे टोक. बारीक पकडीने आतून ओढायचं. फेब्रुवारीत मागच्या टायरातून एकोणीस निघाले, त्यातले बारा सराट्याचे. म्हणून पिशवीत ट्यूब, प्लग, अडॅप्टर, पक्कड आणि फडकं. हवेसाठी साधा हातपंप. सीओटू (कार्बन डायऑक्साइड) काडतूस घेऊ नये, त्या थंड वायूने पुष्कळशा सीलंटच्या गुठळ्या होतात.

बाकीचं थोडक्यात. नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापासून गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन्ही तट कालवे निघतात. त्यांच्या कडेचा मुरमाचा रस्ता सलग चालायला उत्तम, पण आवर्तन सुरू असताना पाझराने मध्येच चिखल लागतो, भर मार्चमध्येसुद्धा. बंधाऱ्याचा जलाशय २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झाला. पाण्यालगतच्या गाळात सायकल घालू नका, हिवाळ्यात तिथे पक्षी उतरलेले असतात. ऑक्टोबर छाटणी आणि एप्रिलची खरड छाटणी झाली की बांधावर द्राक्षाच्या काड्या पडतात. एखादी मागच्या डिरेलरमध्ये, म्हणजे गिअर बदलणाऱ्या भागात, गेली तर त्या क्षणी पॅडल थांबवा, एक फेरा जास्त मारला की डिरेलर ज्यावर लटकतो तो हँगर वाकतो. आमच्या मॉडेलचा हँगर गावात मिळत नाही, एक जास्तीचा जवळ ठेवावा. उसाच्या पट्ट्यात बिबट्या आहे, दिवस मावळायच्या आत डांबरीवर यावं. चालवताना सीट खाली-वर करणाऱ्या ड्रॉपर पोस्टची इथे गरज नाही, पुढे ३२ ऐवजी ३४ दात्यांची चक्री बरी पडते.

खर्चाचं म्हणाल तर लिटरच्या बाटलीतून आत्तापर्यंत दोन्ही चाकांत मिळून ७०० मिली गेलं. छोट्या बाटल्या घेऊ नका, महाग पडतात. पंक्चरचे पैसे नऊ महिन्यांत शून्य.

काळ्या मातीवर मात्र ट्यूबलेसचा काही इलाज नाही. पहिला मोठा पाऊस झाला की ती माती टायरवर थरावर थर चढते आणि फोर्कमध्ये चाक अडकतं. त्यानंतर दोन-तीन दिवस उघडीप मिळेपर्यंत फक्त मुरमाचा रस्ता. त्याआधी, मृग लागायच्या आत, दोन्ही टायर पूर्ण उघडायचे: वाळकी साय सोलून काढायची, फडकं फिरवून काटे ओढायचे, रिमची टेप कुठे उचलली असेल तर बदलायची, कोअर नवी, सीलंट १०० मिली, आणि नट बोटांनी.