पैसे, वस्तू, वेळ की घरातली पडवी? गावातल्या कुत्र्यांच्या ग्रुपला मदत करायची असेल तर

ऑफिस नाही, शेल्टर नाही, सात-आठ जण, एक व्हॉट्सअॅप ग्रुप आणि एकाची जुनी ओम्नी. तालुक्याच्या गावात भटक्या कुत्र्या-मांजरांचं बघणारे लोक बहुतेक असेच असतात. आमच्याकडच्या ग्रुपमध्ये मी तीन वर्षं लुडबूड करतेय, त्यामुळे "मला पण काहीतरी करायचंय, काय करू?" हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच.

आधी पैसे. एकदम पाच हजार देणारे भेटतात, पण दर महिन्याला २०० देणारे फार कमी, आणि डॉक्टरांची उधारी तर महिन्याच्या महिन्याला वाढत असते, म्हणून माझं मत विचाराल तर २०० वालेच बरे. ग्रुपवर भरवसा बसत नसेल तर डॉक्टरांचं किंवा मेडिकलचं बिल थेट भरा, कुणी रागावत नाही. ८०जी, म्हणजे देणगीवरची करसवलत, मिळेल का हे सगळे विचारतात. ग्रुप त्यासाठी रजिस्टर्ड नसेल तर नाही, असला तरी २००० च्या वर कॅश दिलीत तर नाही, आणि नवीन टॅक्स रिजीममध्ये असाल तर विषयच संपला.

आणि पैसे कधी देताय ते पण बघा. कुत्र्यांचा भाद्रपद सगळ्यांना माहितीय, गाभण राहिल्यावर साधारण ६३ दिवसांनी पिल्लं, म्हणजे दिवाळी झाली की गटारीच्या कडेला कुंई कुंई सुरू. तेव्हा सगळ्यांना दया येते आणि पटापट जीपे होतात, पण नसबंदीला पैसे लागतात त्याच्या कितीतरी आधी, उन्हाळ्यात, जेव्हा पिल्लू कुठे दिसतच नसतं 😐

वस्तूंचं मात्र जरा विचारून. मी सुरुवातीला मोठ्या मनाने एक कापसाची गादी दिली, तीन पिल्लांनी एका रात्रीत ती अशी फाडली की सकाळी पडवी म्हणजे पिंजाऱ्याचं दुकान, वर एकाच्या घशात कापूस. रद्दी, धुतलेली पोती, जुन्या चादरी, जखमेवर टाकायची नेगासंट पावडर, हे रोज लागतं. बिस्किटांचे पुडे नकोत, आणि भारीतलं डॉगफूड पण एकदम सुरू केलं की जुलाब लागतात, ते साफ कोण करणार!

वेळ द्यायचा म्हटलं की सगळ्यांना फीडिंगच हवं असतं, फोटो छान येतात ना. खरी अडचण गाडीची. नसबंदी केलेला कुत्रा सहसा जिथून उचलला तिथेच परत सोडायचा, २०२३ च्या एबीसी (प्राण्यांच्या नसबंदीच्या) नियमांतही तेच आहे, म्हणजे एका कुत्र्यामागे दोन खेपा. रविवारी सकाळी गाडी घेऊन येणारा माणूस माझ्या दृष्टीने दहा फीडरांच्या बरोबरीचा. पकडायला जाणार असाल तर रेबीजची इंजेक्शनं आधीच घेऊन ठेवा, आणि तरीही चावला तर जखम साबणाने १५ मिनिटं धुवून डॉक्टरकडे जायचंच, परत डोस लागतात. कुत्र्याला हात लावायची भीती वाटते? मग हिशोब लिहा, बिलांचे फोटो ग्रुपवर टाका, ते काम तर कुणालाच नको असतं.

राहिलं फॉस्टर, म्हणजे काही दिवस घरी सांभाळणं. सगळ्यात जास्त गरज याचीच आणि सगळ्यात कमी लोक तयार होतात. ऑपरेशन झालेल्या कुत्रीला टाके सुकेपर्यंत कोरडी जागा लागते, बस. पण घरात लस न दिलेला कुत्रा असेल तर बाहेरचं पिल्लू अजिबात आणू नका, पार्वो या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू महिनोन्महिने जागेत राहतो आणि नुसत्या फिनेलने मरेल याची खात्री नाही, ब्लीच लागतं. आमच्याकडे पहिलं पिल्लू आलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "दोनच दिवस हं." बाराव्या दिवशी त्याच त्याला भातात अंडं कुस्करून घालत होत्या आणि न्यायला माणूस आला तर विचारतात कसे, "घर तरी बरंय का त्यांचं?"

तर भाड्याचं घर आणि दिवसभर नोकरी असेल तर महिन्याला २०० आणि जमेल तो रविवार. घराला पडवी असेल आणि दुपारी कुणीतरी घरात असेल तर पैसे राहू देत, फॉस्टरच करा. काहीही द्यायच्या आधी एक फोन करून "या महिन्यात काय अडलंय?" एवढं विचारा. परवा आमच्या इथे एकाने विचारलं, उत्तर आलं: चार दिवसांसाठी रिकामा गोठा.