नकाशाच्या ॲपवर जेवण शोधण्याचे आठ महिने (आकडा बघणं सोडलं तेव्हा कुठे पोट भरलं)

कामासाठी महिन्यातून दोनदा तरी कुठल्या ना कुठल्या मोठ्या शहरात जावं लागतं आणि हॉटेलच्या खोलीत मागवून तेच ते खायचा इतका वैताग आला होता की म्हटलं आता जिथे जाईन तिथलं स्थानिकच खायचं, आणि शोधायचं फोनमधल्या नकाशाच्या ॲपवरून. कुठलं ॲप ते विचारू नका, या बाबतीत सगळी साधारण एकाच माळेचे मणी.

पहिले दोन महिने वाया गेले, सरळ सांगते. शहरात उतरलं की 'बेस्ट रेस्टॉरंट' टाकायचं, ४.५ च्या वरचं फिल्टर लावायचं आणि निघायचं. अशीच एकदा ४.८ वाल्या जागी पाऊण तास प्रवास करून गेले तर आत सगळी टेबलं रिकामी. प्रत्येक टेबलावर क्यूआर कोडचं कार्ड, रिव्ह्यू टाका आणि गोड पदार्थ फुकट घ्या. पहिला घास गिळायच्या आत वेटर हजर, मॅडम पाच स्टार द्या ना, आणि माझं नाव पण लिहा. जेवण कसं होतं? गरम होतं. रात्री खोलीवर येऊन रिव्ह्यू 'नवीन आधी' लावून वाचले तर त्याच वेटरचं नाव पंचवीस-तीस ठिकाणी आणि काय खाल्लं ते एकानेही लिहिलेलं नाही. (मी पण पाच स्टार देऊन बसले होते, काय करणार, तो समोर उभाच होता.)

नंतर थोडं वाचलं तेव्हा कळलं हे लोक आकड्यामागे एवढे का लागतात. हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी सिएटलच्या रेस्टॉरंटांवर अभ्यास केला होता, २०११ चा आहे, त्यात एक स्टार वाढला की धंदा ५ ते ९ टक्के वाढतो असं निघालं, आणि तेही स्वतंत्र जागांचा, साखळीवाल्यांना फारसा फरक पडत नाही. २०१७ मध्ये तर लंडनमध्ये एका पठ्ठ्याने बागेतली शेडच रेस्टॉरंट म्हणून एका रिव्ह्यू साइटवर चढवली, खोटे रिव्ह्यू लिहून घेतले, आणि ते नसलेलं हॉटेल शहरात पहिल्या नंबरला! अशा जगात ४.८ ला काय अर्थ राहिला सांगा.

स्टारचा जुना अर्थच वेगळा होता खरं तर. मिशेलिन ही टायरची कंपनी, लोकांनी गाड्या जास्त फिरवाव्यात म्हणून १९०० साली तिने गाइड काढलं, स्टार आले १९२६ ला, एक-दोन-तीन अशी वर्गवारी १९३० च्या दशकात. एक स्टार म्हणजे वाटेत असेल तर थांबा, दोन म्हणजे वाट वाकडी करा, तीन म्हणजे खास त्यासाठी प्रवास करा. म्हणजे किती लांब जाण्याच्या लायकीचं ते सांगायचं. ॲपमधला स्टार फक्त आधीचा माणूस खूश होता की नाही एवढंच सांगतो, आणि तो माणूस कोण, स्थानिक की माझ्यासारखाच बॅग घेऊन आलेला, ते आपणच शोधायचं.

मग पद्धत बदलली. आता आधी जागा शोधतच नाही, पदार्थ शोधते. तिथल्या ऑफिसातल्या लोकांना विचारायचं, तुम्ही बाहेरगावी गेलात की इथलं काय आठवतं, आणि ते नाव त्यांच्याकडून त्यांच्याच लिपीत टाइप करून घ्यायचं. इंग्रजीत टाकलं तर पर्यटकांच्या जागा वर येतात, स्थानिक लिपीत टाकलं की नकाशावर भलतीच गल्ली उजळते. रिव्ह्यूंमध्ये पण तोच शब्द सर्च करते. आणि वाचायचे ते तीन स्टारवाले, पाचवाले हुरळलेले असतात आणि एकवाले भांडून आलेले. मालकाने टाकलेले फोटो सोडून द्यायचे, लोकांनी काढलेल्या मेनूकार्डचा फोटो आणि त्याची तारीख बघायची. गर्दीचा आलेख मात्र खरंच कामाचा, कामाच्या दिवशी दुपारी एकला उंच आणि रविवारी सपाट म्हणजे आसपासची नोकरदार माणसं रोज जेवतात.

असंच एक ३.९ वालं सापडलं. तक्रारी काय, तर बसायला जागा नाही, मेनू नाही, दोनच पदार्थ मिळतात, दोन वाजता संपतं. मी म्हटलं अरे ही तर शिफारसपत्रं आहेत! चार बाकडी, भिंतीला टेकून उभी माणसं, आणि काउंटरवरच्या काकांनी काही न विचारता ताटली पुढे सरकवली. आठ महिन्यांतलं सगळ्यात भारी जेवण.

कटकटी आहेतच. जाहिरातीवाल्या जागा वरती घुसतात, वेळा चुकीच्या असतात ('आता उघडं' बघून दोनदा कुलपासमोर उभी राहिलेय, सणासुदीला तर फोन केल्याशिवाय निघूच नका), आणि रिव्ह्यूंचं आपोआप भाषांतर वाचून कधी कधी जेवण होतं की अपघात तेच कळत नाही.

गेल्या महिन्यात परत त्या ३.९ ला गेले, मीटिंग लांबली, धावतपळत पोचेपर्यंत दोन वाजून दहा मिनिटं. काका बाकडी पुसत होते. मान वर न करता म्हणाले, संपलं.