२० वॅटचा सेट, ८ महिने आणि एक ₹२० चं सॉकेट

परवा माझा हौशी रेडिओचा (हॅम) सेट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ₹२५० मध्ये सुरू झाला. त्याआधी तीन आठवडे तो सर्व्हिस सेंटरच्या कपाटात पडून होता आणि तिथून ₹३,८०० चा अंदाज आला होता. राग ताजा आहे तोवर लिहून टाकतो. कंपनीचं नाव घेत नाही. ज्यांच्याकडे हा सेट आहे त्यांना 'मागचं पॉवरचं भोक' एवढं म्हटलं तरी कळेल. बाकीच्यांनी नुसतं भोकाबद्दल वाचावं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ₹४४,००० ला घेतला. पहिले तीन महिने माझं मत असं होतं की सेट बहिरा आहे. मुलुंडला चौथ्या मजल्यावर राहतो. गच्चीवर अँटेनाची वायर टाकायला सोसायटी परवानगी देत नाही (सेक्रेटरींच्या मते त्याने वीज पडते, डिश अँटेनांनी मात्र पडत नाही), म्हणून ग्रिलपासून समोरच्या गुलमोहरापर्यंत १० मीटर वायर. १४ मेगाहर्ट्झवर सिग्नल मोजणाऱ्या मीटरवर (एस-मीटर) कायम एस-९ गोंगाट, म्हणजे काटा वरच. लिफ्ट हलली की खर्रर्र. खालच्या मजल्यावर एलईडीची माळ लागली की वेगळीच खर्रर्र. तीन महिन्यांत ६३ संपर्क, त्यातले बहुतेक एफटी८ वर, म्हणजे लॅपटॉप लावून छोटे डिजिटल संदेश पाठवायच्या पद्धतीने. मालाडच्या मित्राला मी सांगूनही टाकलं होतं की पैसे पाण्यात गेले.

फेब्रुवारीत ते खरंच पाण्यात घातले.

मालदीवला जायचं ठरलं तेव्हा आधी परवान्याचं पाहिलं. युरोपातल्या हौशी रेडिओवाल्यांना सीईपीटी या युरोपातल्या दूरसंचार संघटनेच्या शिफारशीमुळे आपल्याच परवान्यावर एका देशातून दुसऱ्यात जाऊन बोलता येतं. भारत त्या व्यवस्थेत नाही, त्यामुळे आपल्याला बहुतेक ठिकाणी आधी अर्ज करावा लागतो. मी आपला डब्ल्यूपीसीचा (केंद्राच्या वायरलेस खात्याचा) परवाना, पासपोर्ट, सेटचा तपशील आणि गेस्टहाउसचा पत्ता पाठवला. साडेतीन आठवड्यांनी ८क्यू७ ने सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे हवेत सांगायचं नाव, आलं. ते मी घरातल्या भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवलं. ही म्हणाली, "सुट्टीला चाललोय की छापा घालायला?"

बॅटरी ६ अँपियर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे ७६.८ वॅट-तास. विमानात १०० वॅट-तासांपर्यंत विशेष परवानगी लागत नाही, पण केबिन बॅगेतच न्यावी लागते. सेटही केबिनमध्येच. मुंबई विमानतळाच्या टी२ वर सुरक्षारक्षकाने सगळं बाहेर काढायला लावलं.

"ये क्या है?"

"रेडिओ है."

"इतना बड़ा? एफएम आता है?"

एफएम येत नाही म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर आलेली कीव मी विसरणार नाही. परवाना दाखवला, सोडलं. जाताना कस्टमकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, नाहीतर परत येताना आपलाच सेट नवा माल ठरायचा. अर्धा तास जातो, पण जाऊ द्या.

मालेजवळच्या माफुशी बेटावर राहिलो. रिसॉर्टच्या एका रात्रीच्या पैशात तिथल्या गेस्टहाउसमध्ये पाच दिवस निघतात. माले ते माफुशी सरकारी फेरी दीड तास लावते, स्पीडबोट त्याच्या निम्म्याहून कमी वेळात पोचवते, आणि मी फेरीने गेलो हे वेगळं सांगायला नको. खोलीत सेट लावला तर एसीचा गोंगाट एस-६. मनात म्हटलं, झालं, इथेही मुलुंडच. संध्याकाळी बेटाच्या टोकाला गेलो. मासेमारीची ६ मीटरची फायबरची काठी माडाला बांधली, तिच्यावरून ५ मीटर वायर उभी सोडली आणि चार रेडियल (अँटेनाच्या बुडाशी जमिनीवर पसरायच्या वायरी) वाळूत पसरले. सेट चालू केला आणि वाटलं अँटेना जोडायची राहिली. मीटर एस-१ वर. आवाजच नाही. मग त्या शांततेतून एक जपानी स्टेशन वर आलं, त्याच्या मागे इटली, त्याच्या मागे कोणी तरी अगदी हळू मोर्समध्ये.

सेट बहिरा नव्हता. माझी बिल्डिंग बडबडी आहे. पहिल्या तीन महिन्यांत या सेटबद्दल मी जे जे बोललो ते मागे घेतो.

दुसऱ्या दिवशी भरती आली आणि दोन रेडियलांची टोकं पाण्याखाली गेली. मी उचलायला धावलो, तेवढ्यात लॅपटॉपवर पाहिलं तर उत्तरं देणारे वाढले होते. खारं पाणी साध्या जमिनीच्या हजारपट चांगलं वाहक. उभ्या अँटेनाचा सिग्नल समुद्रावरून अगदी खालच्या कोनात सुटतो आणि लांब जातो. हे पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेसाठी पाठही केलं होतं. पण पोटरीभर पाण्यात उभं राहून ब्राझीलचं उत्तर स्क्रीनवर उमटताना पाहिल्यावर ते समजलं. त्यानंतर मी चारही रेडियल पाण्यातच टाकले. २५ वं सौरचक्र (सूर्यावरच्या डागांची वाढ-घट) २०२४ मध्ये शिगेला पोचलेलं, त्याचा जोर अजून टिकून होता, त्यामुळे १० मीटर बँडही (२८ मेगाहर्ट्झ) उघडा, म्हणजे लांबवर पोचणारा. तिथे अडीच मीटर वायर पुरते, काठी अर्धीच उघडायची.

तिसऱ्या संध्याकाळी १४ मेगाहर्ट्झवर माईक घेऊन सीक्यू, म्हणजे 'कोणी आहे का' अशी हाक, दिला तर मालाडचा मित्र आला.

"अरे, तू घरून बोलतोयस का? एकदम खणखणीत येतोयस!"

मुलुंड ते मालाड सरळ रेषेत १५ किलोमीटरही नाही. मध्ये नॅशनल पार्कचे डोंगर आणि २० मीटर बँडची (म्हणजे १४ मेगाहर्ट्झची) जवळच्यांच्या डोक्यावरून जाणारी उडी असल्याने आम्ही एकमेकांना या बँडवर कधीच ऐकलं नव्हतं. मालदीव १,६०० किलोमीटरच्या वर, आणि तिथून मालाड शेजारी बसल्यासारखा. "पैसे पाण्यात गेले म्हणाला होतास ना," तो म्हणाला. गेलेच आहेत म्हटलं, रेडियलसकट.

आता ते भोक.

सेटच्या मागे पॉवरसाठी साधं गोल डीसी सॉकेट आहे. ५.५ मिलिमीटर, आतली पिन २.१. राउटरला असतं तेच. माझ्या बॅटरीच्या वायरीवरची पिन २.५ ची होती. ती आत जाते, बसल्यासारखी वाटते, पण हलते. हा माझा दोष, मान्य. मी २.१ ची घेतली. तीसुद्धा महिनाभरात हलायला लागली, कारण आतली पत्रा-स्प्रिंग पाच अँपियरसाठी केलेलीच नाही. मुलुंडला त्याचा त्रास जाणवला नाही. घरी मी पाच मिनिटं बोलायचो आणि गोंगाटाला कंटाळून बंद करायचो. माफुशीला एफटी८ वर तासभर सलग. पंधरा सेकंद पाठवा, पंधरा सेकंद ऐका, पुन्हा पाठवा. ऐकताना स्क्रीनवर १३.२ व्होल्ट, पाठवायला लागलं की ११.६. मग एका वेळी आठव्या सेकंदाला स्क्रीन काळी आणि कंपनीचा लोगो. युरोपची रांग लागलेली आणि माझा सेट सुप्रभात म्हणतोय.

पिन हाताला चटका देत होती. हिच्या केसांचं रबर मागून घेतलं, पिनेवरून सेटच्या कडेला ताणून बांधलं. वीस मिनिटं चाललं. पुन्हा लोगो. रबर बदललं, कोन बदलला, सेट उलटा ठेवला. ही पुस्तक वाचत होती, वर न बघता म्हणाली, "पॉवर कमी कर ना." चिडून १० वॅट केली. रीसेट बंद. संपर्क जवळपास तेवढेच. निम्मी पॉवर म्हणजे फक्त ३ डेसिबल, एस-मीटरवर अर्धं घर. हे मी वर्षानुवर्षं इतरांना सांगत आलोय.

पाच दिवसांत ४१२ संपर्क. त्यातले ३५० तरी १० वॅटवर.

घरी आल्यावर सेट जूनपर्यंत रडतखडत चालला आणि मग बंद पडला. वॉरंटी नोव्हेंबरपर्यंत आहे म्हणून सर्व्हिसला पाठवला. उत्तर: "सर, सॉकेटमध्ये गंज आहे, फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही. मेन बोर्ड बदलावा लागेल." मी जानेवारीतच सॉकेट सैल आहे असं लिहून व्हिडिओ पाठवला होता, तेव्हा "निरीक्षण करा सर" असं उत्तर आलं होतं. तेव्हा गंज नव्हता, सैलपणा होता. मेल दाखवला तर म्हणे ती वेगळी तक्रार. अकरा फोन केले. प्रत्येक वेळी नवा माणूस आणि पहिल्यापासून कथा. शेवटी सेट परत मागवला, त्याचं कुरियरही माझ्याच खिशातून.

लॅमिंग्टन रोडला एका गाळ्यात वयस्कर काका बसतात, भिंगाच्या दिव्याखाली. त्यांनी झाकण उघडलं, सॉकेट चिमट्याने हलवलं आणि विचारलं, "साहेब, ह्यातून किती ओढता?"

"साडेचार अँपियर."

"अहो, हे चार्जरचं सॉकेट आहे." त्यांनी मीटर लावला. पिन आणि पत्र्यामध्ये ०.३५ ओहम. कागदाच्या कपट्यावर आकडा मांडला: साडेचार गुणिले साडेचार गुणिले ०.३५. सात वॅट. म्हणजे माझ्या बॅटरीतले सात वॅट सॉकेटच तापवत होते. मीठ नंतर आलं, भाजलेल्या पत्र्यावर बसलं. बोर्डाला काही झालं नव्हतं. काकांनी सॉकेट उपटलं, जाड वायरीची वीतभर शेपटी काढली, डाख दिला आणि शेपटीला पिवळी एक्सटी-६० जोडपिन लावली, ड्रोनवाल्या पोरांची असते ती. काल अर्धा तास २० वॅटवर चालवला. व्होल्टेज १२.९ च्या खाली गेलं नाही.

बाकी सेटबद्दल: रिसीव्हर उत्तम, ट्यूनर वाटेल ती वायर जुळवतो, स्पीकर रद्दी, स्क्रीन उन्हात दिसत नाही. घ्यायचा असेल तर घ्या, पण किमतीत ₹२५० आणि ग्रँट रोडचं तिकीट धरून चाला. झाकण उघडलं की वॉरंटी जाते, हे सर्व्हिसवाल्यांनी मला दोनदा बजावलंय. जाऊ दे, तिचा उपयोग पाहिला.

एकच अडचण राहिली. एक्सटी-६० च्या जोड्या दुकानदार सुट्या देत नाही, पाचचं पाकीट घ्यावं लागलं. चार उरल्या आहेत. मुलुंड-भांडुपकडे कोणाला हव्या असतील तर ₹४० ला एक, स्टेशनवर येऊन घेऊन जा.