मोत्झार्ट घ्यायचा तर कोणाचा? क्लॅरिनेटच्या काही रेकॉर्डिंगांची तुलना

नाशिकला तिवंध्यावर आमच्या मागच्या बोळात एक बँडवाले आजोबा राहतात. उभा जन्म त्यांनी वरातीपुढे क्लॅरिनेट वाजवलं. त्यांच्या तोंडी ते क्लॅरोनेट. आता लग्नसराईत बोलावणं येतं ते नाशिक ढोलाला नाहीतर डीजेला, त्यामुळे त्यांचं वाद्य बरीच वर्षं पेटीतच होतं. ते आता त्यांच्या नातवाने बाहेर काढलंय. पोरगा स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्य स्वरलिपी, वाचायला शिकतोय, रोज संध्याकाळी गच्चीवर फुंकत बसतो. मागच्या महिन्यात तो माझ्याकडे आला. "काका, मोत्झार्टचा क्लॅरिनेट कॉन्चेर्टो घ्यायचाय. फोनवर शोधला तर इतके निघाले की काही कळेना. दोन सीडींचे पैसे जमलेत. कोणत्या घेऊ?"

मला हा प्रश्न आधीही काही जणांनी विचारलाय, पण ते सगळे नुसते ऐकणारे होते. हा वाजवणारा. म्हणून तोंडाला येईल ते नाव सांगून मोकळं व्हावंसं वाटलं नाही. माझ्याकडची रेकॉर्डिंगं काढली आणि आम्ही तीन रात्री ऐकायला बसलो, तेही अकरानंतर. त्याआधी रविवार कारंजाकडून येणाऱ्या गाड्यांचा आवाज थांबत नाही, आणि या कॉन्चेर्टोचा, म्हणजे एक वादक पुढे आणि साथीला अख्खा ऑर्केस्ट्रा अशा तीन भागांच्या रचनेचा, मधला संथ भाग गोंगाटात ऐकून निवड करायची म्हणजे स्वतःची फसवणूक. त्या भागात क्लॅरिनेटने सुरुवातीला मांडलेली धून शेवटाकडे पुन्हा येते. बहुतेक वादक ती पहिल्यापेक्षा अगदी दबक्या आवाजात वाजवतात. वादकाचा दमसास, सुरावरचा ताबा, मनाचा ठहराव, सगळं त्या मिनिटभरात उघडं पडतं. कुठलंही रेकॉर्डिंग पारखायचं असेल तर आधी ती जागा ऐका.

निवड करण्याआधी एक गोष्ट माहीत हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मोत्झार्टने हा कॉन्चेर्टो १७९१ च्या ऑक्टोबरमध्ये पुरा केला आणि ५ डिसेंबरला तो गेला. लिहिला तो अंतोन श्टाडलर या वादकासाठी. श्टाडलरचं क्लॅरिनेट नेहमीचं नव्हतं. त्याची नळी लांब होती आणि ते नेहमीच्या क्लॅरिनेटपेक्षा चार अर्धस्वर खाली जायचं. आज त्याला बॅसेट क्लॅरिनेट म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर त्याच्याकडे खर्ज जास्त होता, आणि मोत्झार्टने तो खर्ज मनसोक्त वापरला. पण १८०१ मध्ये कॉन्चेर्टो छापला गेला तेव्हा असं वाद्य सहसा कोणाकडे नव्हतं. म्हणून छापणाऱ्यांनी फार खालचे सूर उचलून वरच्या सप्तकात ठेवले. मूळ हस्तलिखित हरवलं. त्यानंतर दीडशेहून जास्त वर्षं जग तो बदललेला कॉन्चेर्टोच ऐकत आलं.

हे मी त्याला आधी मुद्दामच सांगितलं नव्हतं. पहिल्या रात्री जॅक ब्रायमरचं रेकॉर्डिंग लावलं. पोरगा मांडीवर बोटं ठेवून, कळा दाबल्यासारखी हलवत ऐकत होता. पहिल्या भागात क्लॅरिनेट एका ठिकाणी पायऱ्या उतरल्यासारखं खाली खाली जातं. तिथे त्याची बोटं थांबली. "काका, हा खाली चालला होता ना? मग मधेच वर का आला?" मी पुन्हा लावलं. पुन्हा तिथेच तो म्हणाला, "इथे. इथे तान तुटली." दुसऱ्या रात्री तीच जागा थिआ किंगच्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकवली. तिथे क्लॅरिनेट थेट खाली उतरलं आणि त्या तळच्या सुरावर क्षणभर टेकलं. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते बघून बॅसेट म्हणजे काय हे वेगळं समजवायची गरज राहिली नाही.

तेव्हा पहिला फाटा इथेच फुटतो: नेहमीचं क्लॅरिनेट की बॅसेट?

नेहमीच्या क्लॅरिनेटवरच्या जुन्या रेकॉर्डिंगांमध्ये ब्रायमरचं रेकॉर्डिंग माझं सगळ्यात लाडकं. साथीला संचालक सर टॉमस बीचम आणि त्याचा रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा, साल १९५८-५९. ब्रायमर आधी शाळामास्तर होता, बीचमने त्याला १९४७ मध्ये आपल्या ऑर्केस्ट्रात आणलं. त्याचा सूर गोल, भरदार, किंचित थरथरता आहे. बीचम लय सैल सोडतो, कुठेही घाई नाही. संथ भाग तर इतका निवांत चालतो की पावसाळा ओसरल्यावरची गोदावरी आठवते. त्या काळचे इंग्रज वादक रुंद पोकळीचं क्लॅरिनेट वापरायचे. सुराला घुमारा येतो तो बराचसा त्यामुळे. ज्याला आवाजाचा लगाव शिकायचाय त्याने हे ऐकावंच. त्याच सुमाराचं जर्वास दे पेयर आणि पेटर माग यांचं लंडन सिम्फनीबरोबरचं रेकॉर्डिंग जास्त चपळ आहे, सूर उजळ आहे, शेवटचा भाग त्यात खरोखर नाचतो. अमेरिकेत रॉबर्ट मार्सेलसने जॉर्ज सेलबरोबर क्लीव्हलंडला १९६१ मध्ये केलेलं रेकॉर्डिंग सफाईच्या बाबतीत या दोघांच्याही पुढे आहे. एकेक सूर तासून बसवलेला, ऑर्केस्ट्रा एका श्वासात वाजणारा. तरी माझ्या घरी ते वरचेवर लागत नाही. त्यात दोष नाही, पण मन रमत नाही. कार्ल ब्योमबरोबरचं आल्फ्रेड प्रिन्झचं रेकॉर्डिंग मऊ आहे, व्हिएन्नाचा ऑर्केस्ट्रा सुंदर आहे, पण लय जड पडते.

बॅसेटमध्ये थिआ किंगचं १९८५ चं रेकॉर्डिंग, जेफ्री टेट आणि इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्राबरोबरचं, कंपनी हायपेरियन. या कंपनीची पहिली रेकॉर्ड १९८० मध्ये निघाली ती थिआ किंगचीच, फिंझी आणि स्टॅनफर्डच्या क्लॅरिनेट कॉन्चेर्टोंची. तिचं वाजवणं प्रामाणिक आहे. कुठेही दाखवायची हौस नाही. वरून खर्जात उतरताना सुराचा रंग बदलतो, तो बदल ती लपवत नाही, उलट शांतपणे ऐकवते. सीडीवर सोबत मोत्झार्टचा १७८९ चा क्लॅरिनेट क्विंटेटही आहे (क्लॅरिनेट आणि चार तंतुवाद्यं अशी पाच जणांची रचना), गाब्रिएली क्वार्टेटबरोबर आणि पुन्हा बॅसेटवर. एका सीडीत ही दोन्ही कामं, तीही या दर्जाची, म्हणजे ज्याच्याकडे पैसे मोजके आहेत त्याच्यासाठी याहून चांगला सौदा मला माहीत नाही. हायपेरियनची रेकॉर्डिंगं बरीच वर्षं स्ट्रीमिंगवर नव्हती, २०२३ पासून येऊ लागली. त्यामुळे विकत घ्यायच्या आधी एकदा ऐकून बघता येतं.

मार्टिन फ्रॉस्ट हा स्वीडिश वादक तंत्रात या सगळ्यांच्या वर आहे असं मी निःशंक म्हणेन. बीआयएस कंपनीसाठी त्याने हा कॉन्चेर्टो दोनदा केला: आधी ॲमस्टरडॅम सिन्फोनिएताबरोबर, मग ब्रेमेनच्या डॉइचे कामरफिलहार्मोनीबरोबर. संथ भागातली ती परतीची धून तो इतकी दबक्या आवाजात घेतो की मुलाने श्वास रोखला होता, मी पाहिलं. पण तिसऱ्या रात्री तोच म्हणाला, "हे भारी आहे काका, पण मी यातून शिकू शकत नाही. हे मला जमणारच नाही असं वाटतं." नुसत्या ऐकणाऱ्याला मी फ्रॉस्टचं पहिलं रेकॉर्डिंग डोळे मिटून सुचवतो. त्यातही क्विंटेट आहे, वेर्ताव्हो क्वार्टेटबरोबर. शिकणाऱ्याला ते नंतर.

झाबिने मायर या जर्मन वादक बाईंची दोन आहेत. हान्स फोंकबरोबर ड्रेस्डेनमध्ये केलेलं नितळ आहे. दुसरं संचालक आबादोबरोबर, बर्लिन फिलहार्मोनिकच्या साथीने. ऐंशीच्या दशकात याच ऑर्केस्ट्रात त्यांचा तेव्हाचा संचालक कारायान याने तिला आणलं होतं, वादकांनी बहुमताने तिला नाकारलं आणि ती बाहेर पडली. पुढे जगभर एकल वादक म्हणून नाव कमावून ती त्यांच्याच पुढे उभी राहून वाजवते. हे ठाऊक असलं की तिच्या पहिल्या सुरातला ठामपणा वेगळाच लागतो. तरी निवड करायची झाली तर मी फोंकबरोबरचंच घेईन, त्यात साथ जास्त हलकी आहे.

श्टाडलरच्या काळच्या घडणीच्या वाद्यांवरचीही रेकॉर्डिंगं आहेत. अँटनी पे यांचं क्रिस्टोफर हॉगवुडबरोबरचं आणि एरिक होपरिखचं फ्रान्स ब्रुगेनबरोबरचं ही त्यातली मुख्य. पट्टी आजच्यापेक्षा थोडी उतरलेली, तंतुवाद्यांना आतड्याच्या तारा, क्लॅरिनेटला कळा मोजक्या, म्हणून काही सूर झाकलेले तर काही उघडे. मी आजोबांना मुद्दाम बोलावून हॉगवुडची सीडी ऐकवली. ते लगेच म्हणाले, "हे आमच्या वाद्यासारखं लागतंय. सगळे सूर एकसारखे नाहीत." बरोबर बोलले. बँडमधलं साधं क्लॅरिनेट वाजवलेल्या माणसाला हा खडबडीतपणा परका वाटत नाही. श्टाडलरच्या वाद्याचं चित्र रीगामधल्या १७९४ च्या एका कार्यक्रमपत्रिकेवर सापडलं, वाकड्या गळ्याचं आणि टोकाला फुगीर गोळा असलेलं. होपरिखने त्या बेताचं वाद्य घेऊन ब्रुगेनबरोबरच नंतर पुन्हा रेकॉर्डिंग केलं. जुन्या घडणीच्या वाद्यावरचं रेकॉर्डिंग पहिली खरेदी म्हणून नको, तिसरी म्हणून मात्र जरूर घ्या.

आता ब्राम्स, एकोणिसाव्या शतकातला जर्मन संगीतकार. दोन सीडींतली एक मोत्झार्टची, तर दुसरी ब्राम्सच्या क्विंटेटची असावी, दुसऱ्या कॉन्चेर्टोची नको, हे माझं ठाम मत. १८९० मध्ये ब्राम्स लेखणी खाली ठेवायच्या विचारात होता. १८९१ मध्ये जर्मनीतल्या मायनिंगेनच्या ऑर्केस्ट्रात त्याने रिचर्ड म्युलफेल्टचं क्लॅरिनेट ऐकलं. म्युलफेल्ट त्याच ऑर्केस्ट्रात आधी व्हायोलिन वाजवायचा. त्याच वर्षी ब्राम्सने त्याच्यासाठी ट्रायो आणि क्विंटेट लिहिला, आणि १८९४ मध्ये दोन सोनाटा. क्विंटेटच्या दुसऱ्या भागात मध्यावर क्लॅरिनेट लय सोडून मोकळं सुटतं, खाली चार तंतुवाद्यं थरथरत राहतात. आलाप ऐकून वाढलेल्या कानाला ही जागा कोणी शिकवावी लागत नाही.

इथे तुलना अवघड आहे. १९३७ चं रेजिनाल्ड केल आणि बुश क्वार्टेटचं रेकॉर्डिंग खरखरीतून ऐकावं लागतं. पण केल क्लॅरिनेटच्या सुराला आंदोलन देतो, जे त्या काळी क्लॅरिनेटवाले सहसा करत नसत, आणि त्यामुळे वाद्य गळ्याच्या इतकं जवळ येतं की ती मोकळी जागा मी दुसऱ्या कोणाची इतक्यांदा ऐकलेली नाही. नेमका उलटा आहे कार्ल लाइस्टर, आमाडेउस क्वार्टेटबरोबर, १९६७. सूर सरळ, गडद, जर्मन धाटणीच्या क्लॅरिनेटचा. भावना आतच ठेवलेली. या दोघांच्या मधे कुठेतरी व्हिएन्नाचा आल्फ्रेड बॉस्कोव्स्की बसतो, व्हिएन्ना ऑक्टेटच्या मंडळींबरोबर, डेकासाठी, १९६१. त्यात उमाळा आहे पण रडकथा नाही, आणि आवाज आजही स्वच्छ लागतो. त्याच रेकॉर्डवर एक छोटा संथ तुकडा आहे, बरीच वर्षं वाग्नरच्या नावावर खपलेला. तो खरा हाइनरिख बेअरमानचा.

हा बेअरमान म्हणजे ज्याच्यासाठी जर्मन संगीतकार वेबरने १८११ मध्ये एक कॉन्चेर्टिनो आणि दोन कॉन्चेर्टो लिहिले तो वादक. वेबर मी थोडक्यात उरकतो: फ्रॉस्ट घ्या, तापिओला सिन्फोनिएताबरोबरचा. तिथे बोटांची करामत हाच आनंद आहे आणि करामतीत त्याला तोड नाही. अमेरिकन संगीतकार कोपलंडचा कॉन्चेर्टो जॅझमधला क्लॅरिनेटवाला बेनी गुडमन याच्यासाठी लिहिलेला, तेव्हा तो गुडमनचाच ऐकावा, स्वतः कोपलंडने संचालन केलेला.

फोनवर ऐकणाऱ्यांसाठी एक सूचना. शोधताना नुसतं "मोत्झार्ट क्लॅरिनेट" असं टाकू नका, वादक आणि संचालक दोघांची नावं टाका. आणि तुकड्यातुकड्याने ऐकवणाऱ्या याद्यांवर तो संथ भाग एकटाच येतो, त्याने निवड करू नका. पहिल्या भागातली तान तुटते की पोचते, हे त्यात कळणारच नाही.

मुलाने शेवटी थिआ किंगची मोत्झार्टची सीडी आणि बॉस्कोव्स्कीचा ब्राम्स घेतला. ब्रायमरची माझी सीडी तो महिन्याच्या बोलीवर घेऊन गेलाय. परवा संध्याकाळी त्यांच्या गच्चीवरून संथ भागातली ती धून ऐकू आली, खूप सावकाश, दोनदा अडखळत. आजोबा खालून ओरडून सांगत होते, "फुंक मोडू नको, सूर सरेपर्यंत धर."