भिंतीतली वायर ‘सडली’ म्हणून ३१,४४७ रुपये गेले: तयार वायरिंगच्या फ्लॅटवाल्यांनो, आधी हे वाचा

घरातल्या नेटच्या वायरिंगवर एकतीस हजार चारशे सत्तेचाळीस रुपये. त्यातले १५,००० आगाऊ, १६,४४७ काम झाल्यावर, दोन्ही वेळा यूपीआयने. बदल्यात काय मिळाले, तर भिंतीत आधीच असलेल्या धडधाकट वायरींना समांतर अशी निकृष्ट वायर, गिगाबिटच्या, म्हणजे १००० एमबीपीएसच्या, खोक्यात घातलेला १०० एमबीपीएसचा स्विच (एका वायरीतले नेट अनेक वायरींत वाटणारे यंत्र) आणि नव्याकोऱ्या रंगावर ठोकलेली प्लास्टिकची पट्टी. प्लॅन ३०० एमबीपीएसचा. पॉइंटवर वेग आधी ९४ होता, नंतरही ९४.

पुणे परिसरातल्या बाणेर, बालेवाडी, वाकड, खराडी, उंड्री या भागांतल्या नव्या इमारतींत खोलीखोलीत नेटचे पॉइंट आणि दाराजवळ, बहुतेक वेळा चपलांच्या कपाटामागे, सगळ्या वायरी एकत्र येतात तो पत्र्याचा डबा असतो. ताबा घेताना नळ तपासतो, टाइल वाजवून बघतो. हा डबा कोणी उघडत नाही. वायरींचा नकाशा ताब्याच्या फाइलीत नसतो. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी एक नंबर टाकतो, ‘माणूस चांगला आहे’, आणि तो माणूस येतो. माझ्याकडेही असाच एक आला.

ज्या क्षणी मला कळायला हवे होते तो क्षण आता रोज डोळ्यांसमोर येतो. त्याने टेस्टर लावला. एक ते आठ असे दिवे असलेला, बाजारात कुठेही मिळतो तो साधा टेस्टर. १, २, ३ आणि ६ पेटले. ४, ५, ७, ८ पेटले नाहीत. दुसऱ्या खोलीत तेच. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या पॉइंटवर तेच. मी शेजारी उभी होते आणि विचारलेही, “सगळीकडे याच चार कशा गेल्या?” तो म्हणाला, “मॅडम, ओल खालून चढते. खालच्या पिनांना आधी लागते. वायर सडली आतून.” आणि मी गप्प बसले.

ओल लागून किंवा उंदराने कुरतडून वायर गेली तर कुठे दोन तारा जातात, कुठे सहा, कुठे एकही नाही. पाच वेगवेगळ्या भिंतींत नेमक्या त्याच चार तारा जात नाहीत. ४-५ म्हणजे निळी जोडी, ७-८ म्हणजे तपकिरी. शंभरच्या वेगाला केशरी आणि हिरवी, म्हणजे १-२ आणि ३-६ एवढ्याच जोड्या लागतात. गिगाबिटला चारही. बिल्डरच्या इलेक्ट्रिशियनने पाचही ठिकाणी फक्त केशरी-हिरवी बसवली होती आणि बाकीच्या चार तारा गुंडाळून जॅकमागे, म्हणजे प्लेटमधल्या केबल खुपसायच्या खोबणीमागे, सोडल्या होत्या. बस, एवढाच दोष. ९४ हा आकडाही तेच ओरडून सांगत होता: १००च्या जोडणीतून तिच्या स्वतःच्या कामकाजात जाणारा वेग वजा जाता हाती साधारण ९४-९५च येतात. केबल तपासताना ९४ दिसले की पहिला संशय चार तारांचा किंवा शंभरच्या स्विचचा.

माझे काम नेटवर्कचेच आहे, म्हणून लाज जास्त वाटते. पण ऑफिसात जॅक बसवायला वेगळा कंत्राटदार असतो. आम्ही स्विच आणि राउटरच्या पुढे जात नाही. शिवाय जुलैचा पाऊस, गच्चीखालचा मजला, ओलीचे कारण पटण्यासारखे होते. प्लेटचे दोन स्क्रू काढायला दोन मिनिटे लागली असती. ती दोन मिनिटे मी काढली नाहीत, हे खरे.

तेव्हा कोणालाही बोलावण्याआधी प्लेट उघडा. जॅकवर आठही तारा बसल्या आहेत का, मोजा. डब्यातल्या टोकाला पारदर्शक आरजे-४५ प्लग असतो, त्यात तारा नुसत्या डोळ्यांनी दिसतात. क्लिप खाली आणि तारा जातात ती बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून क्रम असा हवा: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हा ‘बी’ क्रम. जॅकवर ए आणि बी असे दोन्हींचे रंग छापलेले असतात. दोन्ही टोकांना एकच पाळा. जोडीचा पीळ जॅकच्या अगदी जवळपर्यंत राहू द्या, अर्ध्या इंचाहून जास्त उकलू नका. तारा स्क्रूड्रायव्हरने दाबू नका, पंच टूलच (तारा खाचेत बसवण्याचे हत्यार) वापरा. बिल्डरच्या माणसाने स्क्रूड्रायव्हर वापरून खाचा फाकवल्या होत्या.

दिव्यांच्या टेस्टरवर आठही पेटले म्हणजे सगळे ठीक, असेही नाही. तो फक्त तार सलग आहे का एवढेच सांगतो. एका जोडीची तार दुसऱ्या जोडीत गेली आणि दोन्ही टोकांना तीच चूक झाली तरी तो हिरवाच. लॅपटॉप केबलने जोडा आणि विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. १०००/१००० हवे. १००/१०० दिसले की पैसे देऊ नका. त्याने मला वेग फोनच्या वायफायवर दाखवला आणि म्हणाला, “कंपनीच देत नाही पुढे.” तेव्हा लॅपटॉप टेबलावर होता.

आता जोडणीचे, कारण खरा घोळ तिथे घालतात. फायबर ओएनटीत येते, त्यालाच आपण सरसकट मोडेम म्हणतो. ओएनटीच्या लॅन पोर्टमधून (घरात नेट देणारा) राउटरच्या वॅनमध्ये (बाहेरून नेट घेणारा पोर्ट), राउटरच्या लॅनमधून स्विचच्या कुठल्याही पोर्टमध्ये, स्विचमधून खोल्यांच्या वायरी. क्रम हाच. साध्या स्विचला ‘इनपुट’ असा वेगळा पोर्ट नसतो. तो कोणी दाखवत असेल तर त्याला विषय येत नाही. ओएनटी आणि राउटर यांच्या मध्ये स्विच घालून त्यातूनच खोल्यांना वायरी देऊ नका. ओएनटी ब्रिज मोडमध्ये, म्हणजे स्वतः लॉगिन न करता नेट नुसते पुढे ढकलत, असेल तर लॉगिन राउटर करतो, आणि त्याच्या अलीकडे लटकलेल्या खोल्यांना नेट मिळतच नाही.

खरी अडचण एकच असते. ओएनटी डब्यात, राउटर हॉलमध्ये हवा, आणि डब्यातून हॉलपर्यंत वायर एकच. राउटरकडे जायला एक आणि तिथून डब्यातल्या स्विचकडे परत यायला एक, अशा दोन लागतात. याच जागी ‘नवीन वायरिंग लागेल’ हे वाक्य येते. लागत नाही. राउटर डब्यातच, ओएनटीशेजारी ठेवा आणि हॉलच्या पॉइंटवर अॅक्सेस पॉइंट (वायरीतले नेट वायफायने पसरवणारे यंत्र) लावा. पत्र्याच्या डब्यातून वायफाय नीट बाहेर येत नाही, म्हणून राउटरचे वायफाय बंदच ठेवले तरी चालते. फक्त डब्याच्या दाराला जाळी किंवा भोके हवीत. एप्रिल-मेमध्ये बंद डब्यात ही यंत्रे तापून अडखळतात.

आमच्याकडे त्याने ओएनटीची वायर राउटरच्या वॅनऐवजी लॅनमध्ये खुपसली. ओएनटीही फोन-लॅपटॉपना आयपी पत्ते (नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) वाटणार, राउटरही वाटणार. ज्या फोनला राउटरचा पत्ता मिळाला त्याचे नेट बंद, शेजारच्या फोनचे चालू. दोन दिवस मी कंपनीला शिव्या दिल्या. राउटरला नुसते अॅक्सेस पॉइंट म्हणून वापरायचे असेल तर लॅनमध्ये वायर चालते, पण त्याचे डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणे, बंद करावे लागते आणि त्याचा स्वतःचा पत्ता ओएनटीहून वेगळा ठेवावा लागतो. दोघांचाही १९२.१६८.१.१ असला तर गोंधळ ठरलेलाच.

बिल असे होते: तपासणी १,२००. कॅट-६ वायर (गिगाबिटला चालणारी नेटची वायर) १४० मीटर, ५५ रुपयांनी ७,७००. केसिंग पट्टी ६० मीटर, ३,६००. आठ पोर्टचा ‘गिगाबिट’ स्विच ३,९००. पाच प्लेट जॅकसकट २,२५०. सहा पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना प्लग असलेल्या तयार छोट्या वायरी) १,५००. मजुरी ६,५००. बेरीज २६,६५०, वर १८ टक्के जीएसटी ४,७९७.

वायरीच्या आवरणावर मीटरचे आकडे छापलेले असतात. दोन्ही टोकांचे आकडे वजा केले की लांबी कळते. मी पाचही वायरींचे वाचले: ८६ मीटर. म्हणजे ५४ मीटरचे २,९७० रुपये नुसते हवेतले. तार ब्लेडने खरवडली तर तांब्याखाली पांढरट अॅल्युमिनियम. तांब्याचा मुलामा दिलेली ही वायर कॅट-६ म्हणून विकलीच जाऊ नये. हिची रोधकता जास्त, वाकवली की तुटते, आणि त्याच वायरीतून कॅमेऱ्याला वीज द्यायची असेल तर ती तापते. स्विच डबल टेपने उलटा चिकटवला होता, लेबल भिंतीकडे. सोडवला तर खाली १०/१०० छापलेले, म्हणजे शंभरचाच. जीएसटी क्रमांकाची अक्षरे मोजली: १४. खरा क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, पुढची दहा अक्षरे पॅनची. जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही तो तपासता येतो, लॉगिन लागत नाही. पैसे देण्याआधी तपासा. नोंदणी नसलेल्याला कर घेण्याचा अधिकारच नाही.

आणि भिंतीतली वायर खरेच बाद निघाली तरी पट्टी ठोकून घेऊ नका. वायर पाइपात मोकळी असेल तर जुनीच्या टोकाला नवी बांधायची आणि दुसरीकडून ओढायची.

तक्रारीचे काय सांगू. चौकीत पहिल्या दिवशी ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत’. दुसऱ्या दिवशी ‘पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, काम त्याने केलेय, ही दिवाणी बाब आहे’. मी स्विच, खोके आणि खरवडलेली तार टेबलावर ठेवली. खोक्यात एक आणि आत दुसरे, खोटा कर क्रमांक, हे दिवाणी कसे? भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीचेच आहे. उत्तर आले, माणूस नदीपलीकडच्या हद्दीतला आहे, तिकडे जा. तिकडे म्हणाले, व्यवहार तुमच्या घरी झाला, इकडे या. बँक म्हणते, पिन तुम्ही टाकलात, त्यामुळे हा फसवणुकीचा व्यवहार धरता येत नाही. प्रत्येक जण त्याचा पत्ता मागतो. माझ्याकडे मोबाइल नंबर आणि यूपीआयवरचे नाव आहे. त्यावरून पत्ता काढण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे तेच मला पत्ता आणायला सांगतात! चार अर्ध्या रजा गेल्या, हातात तीन पोचपावत्या आहेत.

ग्राहक आयोगाचा रस्ता उघडा आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर आधी नोंद करता येते. पण नोटीस बजावायला पुन्हा पत्ताच. म्हणून काम सुरू होण्याआधी आधारची नाही तरी दुकानाच्या पाटीची आणि गाडीच्या नंबरची छायाचित्रे घ्या. मला असे मागणे अपमानास्पद वाटले होते.

बिल्डरच्या कार्यालयाने सांगितले की नेटचे पॉइंट ‘मोफत सोय’ आहेत आणि बाहेरच्या माणसाने हात लावल्यावर आमची जबाबदारी संपली. माहितीपत्रकात ही सोय छापलेली आहे. रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताब्यापासून पाच वर्षांत कामाच्या दर्जातला दोष कळवला तर बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. अर्धवट बसवलेला जॅक हा कामाचाच दोष आहे. तोंडी सांगू नका, लेखी द्या, पोच घ्या.

शेवटी काम मीच केले: पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, चार जॅक ७२०, आरजे-४५ चे पाकीट १२०, खरा गिगाबिट स्विच १,६५०. एकूण २,४९०. हत्यारे होती. रविवारी दुपारी तीन तासांत चार खोल्या झाल्या, चारही ठिकाणी १०००/१०००. पट्टी काढल्यावर भिंतीत उरलेल्या भोकांचे पुट्टी-रंगकाम रंगाऱ्याने ४,२०० सांगितले आहे.

बिल्डरला दिलेल्या पत्राच्या तीस दिवसांतले एकोणीस गेले. हॉलचा पाचवा जॅक मी मुद्दाम तसाच ठेवला आहे, निळी आणि तपकिरी जोडी मागे गुंडाळलेली, ओलीचा डागही नसलेली. कोणी पाहणीला आले तर तोच उघडून दाखवायचा आहे.