'फाईल पुढे सरकली' म्हणत आमच्या सोसायटीला घातलेला १८ लाख ७५ हजारांचा गंडा

कोल्हापुरात नागाळा पार्कच्या खालच्या अंगाला आमची सोसायटी आहे. १९८७ सालची इमारत, तळमजला आणि वर तीन मजले, एकूण १६ बिऱ्हाडं. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोचली की आमच्याकडे सामान वर न्यायची धांदल सुरू होते. ४३ फूट म्हणजे धोका, तोवर गाड्या बाहेर काढलेल्या असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. त्यानंतर पार्किंगच्या कॉलमचं प्लास्टर सुटलं, आतल्या गंजलेल्या सळ्या दिसायला लागल्या. पुनर्विकास करायलाच हवा, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. ज्याच्याबद्दल सांगतोय त्या माणसाला हेच हवं होतं.

एका सभासदाच्या ओळखीतून तो आला. स्वतःला पुनर्विकास सल्लागार म्हणवायचा. पहिल्या दोन बैठकांत त्यानं पैशाचं नावही काढलं नाही. "एक रुपया देऊ नका, आधी कागद बघू," असं म्हणून त्यानं आम्हाला जिंकलं. ४८० चौरस फुटांच्या जागी ६५० कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा), लिफ्ट, दोन मजले फक्त पार्किंगला म्हणजे पुराची भीती नाही, बांधकाम होईपर्यंत भाडं. त्याचं यातलं एकही आश्वासन अवाजवी वाटत नव्हतं. म्हातारी माणसं तिसऱ्या मजल्यावर जिना चढून दमलेली, लिफ्टच्या नुसत्या कल्पनेनंच त्यांचे चेहरे खुलले होते.

नोव्हेंबर २०२२ पासून अधूनमधून शनिवारी संध्याकाळी माझ्या फोनवर त्याचा मेसेज यायचा. वर लिहिलेलं असायचं 'प्लॅनिंग अपडेट', पुढे क्रमांक. क्रमांक ४ : झोन दाखल्यासाठी अर्ज केला. क्रमांक ९ : पूररेषेचा दाखला मिळाला. क्रमांक १४ : प्रस्ताव नगररचना विभागात दाखल, छाननी सुरू. क्रमांक १९ : टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरचा बांधकामाचा हक्क, बुक केला. सोबत कधी शिक्क्याच्या कागदाचा फोटो, कधी नकाशाचा तुकडा. मी सेक्रेटरी, त्यामुळे ते मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचं काम माझं. खाली हात जोडलेली चिन्हं यायची, 'सेक्रेटरीसाहेब, तुमच्यामुळे काम मार्गी लागतंय' असं कुणी लिहायचं. ही गोष्ट मला आजही झोपू देत नाही. त्या माणसाला सभासद ओळखत नव्हते, मला ओळखत होते. त्यांनी विश्वास माझ्यावर ठेवला.

पैसे तीन हप्त्यांत गेले. आधी घरटी २५ हजार प्रोसेसिंगचे, मग टीडीआरसाठी ६० हजार, मग अग्निशमनच्या ना हरकतीसाठी ४० हजार. सगळे त्याच्या वैयक्तिक खात्यावर, यूपीआयनं. महापालिकेचं विकास शुल्क असो की प्रीमियम, ते चलनानं महापालिकेकडेच भरलं जातं आणि त्याची पावती मिळते. हे माहीत असलेली दोन माणसं आमच्यात होती. पण "कामाला गती द्यायची तर थोडं हातात लागतं," असं तो दबक्या आवाजात म्हणाला आणि आम्ही माना डोलावल्या. नंतर मी सगळे मेसेज तारखेवार वहीत उतरवले. प्रत्येक मागणीच्या आधी दोन दिवस चांगली बातमी आलेली आहे. तळमजल्यावरच्या आक्कांनी ६० हजारांसाठी गुजरीत जाऊन पाटल्या मोडल्या. त्यांना गुजरीत मीच सोबत घेऊन गेलो होतो.

पैसे न देणारे एकटे वरच्या मजल्यावरचे मामा. तालमीत वाढलेला माणूस, शिक्षण सातवी. त्यांचं एकच म्हणणं : "फोटो नको, कागद दे. त्यावर नंबर असंल, तो घेऊन मी हापिसात जातो." सल्लागार दरवेळी हसून सांगायचा, मूळ प्रत आर्किटेक्टकडं आहे. आम्ही मामांनाच संशयी म्हणून बाजूला काढलं. त्यांची माफी मी नंतर सभेत, सगळ्यांसमोर मागितली.

त्यानं पद्धतशीर टाळलेली एक गोष्ट आता लक्षात येते. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासाला सहकार कायद्याच्या कलम ७९ (अ) खालचे शासनाचे निर्देश आहेत, ३ जानेवारी २००९ चे आणि नंतर सुधारलेले ४ जुलै २०१९ चे. विकासक निवडायची सभा निबंधक कार्यालयाच्या प्रतिनिधीसमोर घ्यायची असते, तिचं चित्रीकरण करायचं असतं. "ते मुंबई-पुण्याच्या मोठ्या सोसायट्यांसाठी, १६ घरांना कशाला तो व्याप?" असं तो म्हणाला. असला कुठलाही अपवाद नाही. सभेला सरकारी माणूस बसला असता तर तिथंच त्याला चार प्रश्न विचारले गेले असते.

२०२३ च्या दिवाळीत माझा पुतण्या आला. सिव्हिलचा डिप्लोमा झालेला पोरगा. मी कौतुकानं त्याला 'मंजूर नकाशा' म्हणून आलेला फोटो दाखवला. त्यानं तो बोटांनी मोठा केला आणि कोपऱ्यात थांबला. "काका, इथं समोर १२ मीटर रस्ता लिहिलाय. आपली गल्ली १२ मीटर आहे?" फराळ तसाच ठेवून आम्ही टेप घेऊन खाली उतरलो. टेपचं एक टोक मी समोरच्या कंपाउंडला धरलं, दुसरं त्यानं आमच्या भिंतीला. गटार धरून ७ मीटर ४० सेंटिमीटर. आम्ही फाटकापाशी, मधे आणि कोपऱ्यावर असं तीनदा मोजलं. ७ मीटर ४५ च्या वर आकडा काही जाईना.

त्या रात्री त्यानं मला समजावलं ते इथं सांगतो, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा होता. डिसेंबर २०२० पासून मुंबईसारखे काही भाग सोडून राज्यात बांधकामासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, कोल्हापूरलाही तीच. किती एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम, मिळणार हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. आमच्यासारख्या गावठाणाबाहेरच्या भागात रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर मूळ तक्त्यात टीडीआर आणि प्रीमियम (पैसे भरून मिळणाऱ्या जादा) एफएसआयचा रकाना रिकामा आहे. राहतो तो १.१० चा मूळ एफएसआय. म्हणजे ज्या टीडीआरसाठी आम्ही घरटी ६० हजार मोजले, तो आमच्या गल्लीला मिळणारच नव्हता. ६५० कार्पेटही त्यातलंच, कागदावरचं. आणि हे कळायला फक्त एक टेप लागली.

दुसरं खोटं तर दोन मिनिटांत सापडलं. क्रमांक २२ च्या अपडेटमध्ये 'महारेरा नंबर आला' म्हणून एक आकडा होता; महारेरा म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणारं सरकारी प्राधिकरण. महारेराच्या संकेतस्थळावर तो टाकला तर दुसऱ्याच जिल्ह्यातला प्रकल्प निघाला. मुळात नकाशा मंजूर होऊन बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय महारेरा नोंदणी होत नाही, आणि आमच्या १४ क्रमांकाच्या अपडेटनुसार तेव्हा छाननीच चालू होती. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे. त्याच्या रंगीत पत्रकावर सप्टेंबरमध्येही तो नव्हता. पत्रक आमच्या नोटीस बोर्डावर दोन महिने लावलेलं होतं.

दिवाळीची सुट्टी संपताच मी आणि मामा नगररचना विभागात गेलो. सिटी सर्व्हे नंबर सांगितला. तिथल्या माणसानं संगणकावर शोधलं, मग रजिस्टर काढलं. आमच्या मिळकतीवर कुठलाच प्रस्ताव दाखल नव्हता. आम्ही १० रुपयांचं तिकीट लावून माहितीच्या अधिकारात अर्ज केला, कारण तोंडी उत्तर पोलिसांना दाखवता येत नाही. ३० दिवसांच्या आत लेखी उत्तर आलं : सदर मिळकतीबाबत प्रस्ताव प्राप्त नाही. तो कागद आज आमच्या तक्रारीतला पहिला पुरावा आहे.

सल्लागाराला फोन केला तर म्हणाला, "गैरसमज झालाय, फाईल परत घेऊन नवीन टाकतोय." पुढच्या शनिवारी त्यानं अपडेट क्रमांक ३१ पाठवलं, जणू काही झालंच नाही. त्यानंतर फोन बंद. आमच्यातल्या दोन कुटुंबांनी त्याच्या शब्दावर घर सोडून फुलेवाडीत भाड्यानं जागा घेतली होती. भाडं दोन महिने आलं, मग थांबलं. आता भाड्याच्या घराचा करार मोडायचा तर डिपॉझिट जातं.

पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार दिली आहे. पंधराही जणांच्या बँकेच्या नोंदी, ३१ मेसेज आणि माहिती अधिकाराचं उत्तर जोडलं. जबाब देताना एक गोष्ट कळली : आमच्याच शहरातली आणखी एक सोसायटी याच माणसाच्या अपडेटवर विसंबून आहे आणि त्यांचा दुसरा हप्ता जायचा आहे. तुमच्या ग्रुपवर शनिवारी अशी क्रमांक घातलेली 'प्लॅनिंग अपडेट' येत असतील, तर पुढचा पैसा द्यायच्या आधी एकदा सिटी सर्व्हे नंबर घेऊन नगररचनेच्या खिडकीवर जा. आणि जायच्या आधी गल्ली मोजा.

आम्ही इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट स्वतः करून घेतलं. झोन दाखला आणि भाग नकाशा मामांनी रीतसर फी भरून आणला, मूळ प्रत सोसायटीच्या कपाटात आहे. त्यावर रस्ता साडेसात मीटरच दाखवलाय. येत्या सभेला निबंधक कार्यालयाला पत्र गेलंय. सभेसाठी आक्कांना आणायला मी कागलला त्यांच्या लेकीकडे जाणार आहे, त्या यायला तयार झाल्यात.