वेग वाढवायचा तर टँक की दर्या?

पोहायला येतं, दमही आहे, पण शेजारचा बघता बघता पुढे निघून जातो. चाळिशीच्या आगेमागे पोहणं मनावर घेतलेली अशी माणसं रत्नागिरी-मालवणकडे बरीच भेटतात, आणि त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: टँकची फी भरू, की दारातला समुद्र पुरे? माझं मत आधीच सांगतो. वेग टँकमध्ये कमवायचा, समुद्रात तो टिकवायला शिकायचं. एकच काहीतरी जमण्यासारखं असेल तर पहिले तीन महिने टँकला द्या.

मी विहिरीत शिकलो, पाठीला डबा बांधून, मान वर काढून. माझ्या वयाच्या कितीतरी कोकणी माणसांची ही सवय आजही तशीच आहे. मान वर गेली की कंबर आणि पाय खाली जातात, आणि अख्खं अंग पाण्याला अडतं. वेग दुप्पट केला तर पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो. त्यामुळे जोर लावून थोडंच पुढे जाता येतं; अंग आडवं, सरळ ठेवलं की त्याच जोरात बरंच जास्त. समुद्र मात्र ही चूक झाकून टाकतो. खारं पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड, ते पाय आपोआप उचलून धरतं. खाडीत वर्षानुवर्षं पोहूनही मला माझी चूक कळली नव्हती. टँकमध्ये उतरलो तेव्हा २५ मीटरला २७ हात लागले. मग नजर सरळ तळाच्या पट्टीवर ठेवली, श्वास घेताना एक डोळा पाण्यातच राहील एवढीच मान वळवली, आणि सहा आठवड्यांत २२ हातांत पलीकडची भिंत गाठू लागलो. दम तेवढाच होता, ताकदही तेवढीच.

हाताचंही तसंच. पुढे टाकलेला हात आपण सरळ खाली दाबतो. त्याने छाती उचलते, अंग पुढे जात नाही. होडी वल्हवणाऱ्याकडे नीट बघा, पातं पाण्यात उभं धरून तो पाणी मागे लोटतो. कोपर वर ठेवून पंजापासून कोपरापर्यंतचा हात तसाच पात्यासारखा वापरायचा. हे एकट्याला कळत नाही. काठावरून कोणी पंधरा सेकंदांचा व्हिडिओ काढून दिला तरी खूप. महिनाभर कोच परवडला तर फारच उत्तम.

टँकची दुसरी मोठी सोय म्हणजे मोजमाप. एकदा ४०० मीटर आणि पुरेशी विश्रांती घेऊन २०० मीटर, दोन्ही जीव तोडून पोहा. समजा १० मिनिटं आणि ४ मिनिटं ४० सेकंद लागली. मधल्या २०० मीटरचा फरक ३२० सेकंदांचा, म्हणजे १०० मीटरला २ मिनिटं ४० सेकंद. हा तुमचा टिकाऊ वेग. याच वेगाने १०० मीटरचे आठ तुकडे करा, मध्ये १५-२० सेकंद थांबा. रोज एका दमात किलोमीटर काढणाऱ्याचा वेग वर्षभर तिथेच राहतो, तुकड्यांनी पोहणाऱ्याचा हलतो. दर सहा आठवड्यांनी पुन्हा मोजा. समुद्रात हे धड होत नाही, कारण वेळ तुमची की प्रवाहाची, ते सांगता येत नाही.

पण टँकही काही गोष्टी लपवतो. दर २५ मीटरला भिंतीला पाय मारून चार-पाच मीटर फुकट मिळतात, आणि तळाची पट्टी वाट दाखवते. दर्यात भिंत नाही, पट्टी नाही, आणि आपण किती तिरके जातो ते तिथेच कळतं. मालवणला चिवला किनाऱ्यावरच्या सागरी स्पर्धेत उतरायचं मनात असेल तर समुद्राला पर्याय नाही. दर आठ-दहा हातांनी मगरीसारखे फक्त डोळे वर काढून खूण बघायची, लाट एका बाजूने आली तर दुसऱ्या बाजूने श्वास घ्यायचा, हे तिथेच अंगवळणी पडतं.

समुद्राचा दिवस मात्र तिथी बघून ठरवा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण निघते, हा आपल्याकडचा जुना हिशेब. अष्टमीला सहा. त्या सुमाराला भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक थोडा, ओढ कमी, आणि भरती सकाळी. म्हणून अष्टमी-नवमीची सकाळ मला सगळ्यात आवडते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, सुकती, म्हणजे ओहोटी, लागलेली असताना खाडीच्या मुखाशी जाऊ नका. तिथे चांगला पोहणाराही बाहेर ओढला जातो. एकट्याने कधीच नाही. कमरेला भडक रंगाचा फ्लोट असू द्या. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राचं नावच काढायचं नाही; ते दिवस टँकचे.

जवळपास टँकच नसेल तर? विहीर आहे ना. तिथे लांबी मिळत नाही, पण उभ्याने, हात छातीशी घेऊन ३० सेकंद फक्त पाय मारायचे, ३० सेकंद थांबायचं, असं दहा वेळा करा. गुडघ्यातून सायकल मारली तर लगेच बुडायला होतं, मांडीपासून पाय हलला तरच नाक वर राहतं.

साहित्यात पुल बॉय, म्हणजे मांड्यांमध्ये धरायचा तरंगता फोम, घ्या; पंजाला बांधायचे मोठे पॅडल नकोत. चाळिशीनंतर खांदा दुखावला की महिनोन्‌महिने जातात.

डिसेंबरात चिवल्याला उतरायचं असेल तर पावसाळाभर आठवड्याला तीन दिवस टँक, गणपती झाले की त्यातला एक दिवस समुद्राला, आणि नोव्हेंबरात दोन.